दाखलेवाले नाना

आष्टीत कचेरीच्या अंगाला झेरॉक्सची दुकानं आहेत. त्यांतल्या एका दुकानात मालक बसतो आणि नानाही बसतात. नवखा माणूस नानांनाच मालक समजतो, कारण मालक नुसती झेरॉक्स काढतो. कशाची काढायची आणि किती प्रती, हे नाना सांगतात. नाना निवृत्त आहेत यावर गावात एकमत आहे. कुठून निवृत्त झाले यावर नाही. कोणी म्हणतं झेडपीच्या शाळेवर होते, कोणी म्हणतं पाटबंधाऱ्यात होते. नानांना विचारलं तर ते आपल्यालाच विचारतात, "कशाला पायजे? अनुभवाचा दाखला काढायचाय का?"

असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतोच. कुठं त्याला काका म्हणतात, कुठं सर, कुठं अण्णा. सरकारनं योजना काढायची, वर्तमानपत्रानं ती पाचव्या पानावर कोपऱ्यात छापायची आणि या माणसानं ती कात्रीनं कापून पिशवीत घालायची, अशी ही साखळी आहे. नानांच्या पिशवीत कात्रणं असतात, स्टेपलर असतो, डिंकाची बाटली असते, अंगठ्यासाठी शाईचं पॅड असतं आणि अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो असतात. त्यांतल्या काही फोटोंची आता पोरं शाळेत जातात. पण नाना फोटो टाकून देत नाहीत. "आसू दे. दुय्यम प्रत लागती कधी कधी."

बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या सरकारी संस्थांची नावं नाना ज्योतिर्लिंगांसारखी एका दमात म्हणतात. कुठल्या जातीच्या पोरानं कुठल्या दारात जायचं, कुठल्या दाराला उत्पन्नाची अट आठ लाखांची, कुठं वय पस्तिसाच्या आत, हे त्यांना तोंडपाठ. सरकारी पोर्टल दिवसा झोपतं आणि पहाटे चारला जागं होतं, हा त्यांचा शोध. त्यामुळं ऐन मुदतीच्या दिवसांत आष्टीत दूधवाल्यांच्या आधी नाना उठलेले असतात आणि कुणाचा तरी ओटीपी कुणाच्या तरी चुलत्याच्या मोबाईलवर गेला म्हणून त्या चुलत्यालाही उठवत असतात. फी घेत नाहीत. चहा घेतात. आणि पोरगं लागलं की त्याच्या बापानं चारचौघांत "नानांमुळं झालं" म्हणावं, एवढी अपेक्षा ठेवतात. बाप बहुधा "देवामुळं" म्हणतो. नाना ते मनाला लावून घेत नाहीत, फक्त त्या बापाच्या धाकट्याचा फॉर्म एक दिवस उशिरा भरतात.

नानांच्या स्वतःच्या मुलानं मात्र आयुष्यात एकही फॉर्म भरला नाही. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि जेसीबी घेतला. नानांनी ज्यांना शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांपेक्षा तो आज जास्त कमावतो. हा विषय दुकानात कोणी काढत नाही.

तर अशा नानांपुढं एक दिवस पुण्याहून संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून आलेली कडा गावाकडची एक पोरगी येऊन उभी राहिली. तिला ॲक्च्युअरी व्हायचं होतं आणि त्यासाठी परदेशात शिकायचं होतं.

नानांनी आजवर नर्सिंग भरलं होतं, बी.फार्म. भरलं होतं, एकदा वैमानिकसुद्धा भरला होता. हे नवीन होतं. पण नाना नवीन गोष्टीला घाबरत नाहीत, तिला जुन्या रकान्यात बसवतात.

"म्हंजे नेमकं काय करत्यात ते?"

"नाना, किती माणसं कुठल्या वयात मरतील, किती पिकं बुडतील, याचा हिशेब मांडून विम्याचा हप्ता ठरवायचा."

"म्हंजे एजंट."

"एजंट हप्ता मागतो. किती मागायचा ते हा सांगतो."

नानांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे विमा नाय मिळाला की लोकांनी ज्याला शिव्या द्यायच्या, तो माणूस."

"तसंच म्हणा."

"मंग परमनंट नोकरी हाय."

हे नाना उगाच म्हणाले नाहीत. आमच्या बीड जिल्ह्यात विमा हा काही पुस्तकी विषय नाही. उडीद काळा पडला की बहात्तर तासांच्या आत कळवायचं, हे इथं शाळकरी पोराला ठाऊक असायचं. आणि २०२० च्या खरिपात तर या जिल्ह्याचा विमा उतरवायला एकही कंपनी पुढं येईना. पाऊस कमी, नुकसान जास्त, कोण बसणार या आगीत? शेवटी सरकारी मालकीच्या ॲग्रिकल्चर इन्शुरन्स कंपनीनं काम घेतलं. त्यातून जी तोड निघाली तिला पुढं देशभर 'बीड पॅटर्न' म्हणू लागले. जमा हप्त्याच्या एकशेदहा टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनीनं द्यायची, त्याच्या वर गेली तर राज्य सरकारनं. आणि भरपाई कमीच झाली तर कंपनीनं वीस टक्के ठेवून उरलेलं सरकारला परत करायचं. आमच्या जिल्ह्याचं नाव एखाद्या चांगल्या गोष्टीला लागण्याचे प्रसंग थोडे, म्हणून हा जरा सविस्तर सांगितला.

पोरीच्या डोक्यात ॲक्च्युअरीचं खूळ तिथंच शिरलं होतं. बाप बांधावरून फोन लावत होता, ही शेजारी उभी राहून विचार करत होती की एकशेदहाच का, एकशेवीस का नाही? हा आकडा कुणी काढला?

नानांनी नवी फाईल उघडली. पहिल्यांदा त्यांनी नेहमीप्रमाणं प्रवचन दिलं. परदेशी शिष्यवृत्तीचा विषय निघाला की ते १९१३ वरून सुरुवात करतात. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ऐकणाऱ्याचा ऊर भरून आला की मग नाना मुद्द्यावर येतात, "आणि करारनामा लिहून घेतला होता. परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. महाराज होते तरी कागद केलाच! आणि तू म्हणतीस नोटरी कशाला?"

मग विद्यापीठं निघाली. पोरीच्या मनात एडिंबरोचं हेरियट-वॉट होतं. ॲक्च्युअरीसाठी त्याचं नाव मोठं, आणि एडिंबरो तर या विद्येचं आजोळच. तिथल्या पाद्र्यांनी १७४४ मध्ये आपल्यामागं बायकापोरांचं काय, म्हणून फंड काढला. वीस वर्षांनी त्यात किती पैसे असतील याचा अंदाज बांधला, आणि तो एका पौंडानं चुकला. नानांना पाद्री फार आवडले. विद्यापीठ मात्र बसेना. सरकारची अट अशी की क्यूएसच्या जागतिक यादीत क्रमांक दोनशेच्या आत पाहिजे, आणि हेरियट-वॉट त्याच्या बाहेर.

"पण नाना, या विषयात ते भारी आहे."

"पोरी, विषय तुझा हाय. यादी सरकारची हाय."

नानांनी बोटानं यादी वरून खाली ओढली. ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स विद्यापीठ २०२५ च्या यादीत एकोणिसावं, आणि तिथं हाच विषय शिकवतात. आष्टीहून एडिंबरोला निघालेली पोरगी अशी दहा मिनिटांत सिडनीला वळली. नानांनी आजवर कित्येकांना असंच वळवलं आहे. गुण कमी पडले म्हणून कृषीचा पोरगा मत्स्यविज्ञानाला गेला, तोही याच बाकावरून.

मध्ये ब्रिटिश सरकारच्या चिवनिंग शिष्यवृत्तीचंही कात्रण निघालं. त्यासाठी कामाचा अनुभव लागतो, दोन हजार आठशे तास. नानांनी तोंडी हिशेब केला. ऊसतोडीचा हंगाम पाच महिने, पहाटे चारला फडात, दिवस मावळेपर्यंत कोयता. "तुझ्या चुलत्याचं दोन हंगामांत भरतंय. पर त्याला डिग्री नाय, आणि तुला डिग्री हाय तर तास नायत." त्यांनी कात्रण परत पिशवीत घातलं. चुलत्याची डिग्री आणि पोरीचे तास एकाच अर्जात भरता येत नाहीत याचं त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

खरी गंमत झाली ती 'तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे' या कागदावर. पोरं त्याला एसओपी म्हणतात. नानांकडं एसओपी तयार असतो. 'मी अवर्षणप्रवण तालुक्यातील अल्पभूधारक शेतकरी कुटुंबातील असून' इथून त्याची सुरुवात होते आणि 'देशसेवा करण्याची तीव्र इच्छा आहे' इथं शेवट. नर्सिंगलाही हाच, वैमानिकालाही हाच. मध्ये दुष्काळाचा एक परिच्छेद आहे, तो नाना शिष्यवृत्तीच्या रकमेनुसार लहानमोठा करतात. परदेशासाठी त्यांनी टँकर दोनाचे चार केले.

पोरीनं वाचलं आणि म्हणाली, "नाना, हे सगळेच लिहितात. निवडणाऱ्यानं अशी शंभर पत्रं वाचली असतील."

"मंग काय लिहावं?"

तेवढ्यात तिची नजर नानांच्या वहीवर गेली. ही वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला असते तसली. दर वर्षी जूनमध्ये नाना तीत अर्ज करणाऱ्या सगळ्यांची नावं लिहितात आणि पुढं रकाने पाडतात. ज्याचा अर्ज जिथं अडकेल तिथं फुली. पोरगी पानं उलटू लागली. पहिल्या रकान्यात पानभर नावं. उत्पन्नाच्या दाखल्यापाशी पाच-सहा फुल्या. जात वैधतेपाशी फुल्यांचा सडा. नॉन-क्रिमीलेयरची तारीख उलटून गेलेले वेगळे. आधारला बँक न जोडलेले वेगळे. एकापुढं 'लग्न ठरले' असा शेरा. पुढं जाता जाता पान रिकामं होत गेलेलं, शेवटच्या रकान्यात तीन-चार नावं हिरव्या शाईत.

"नाना, हे कधीपासून लिहिताय?"

"लई वर्षं झाली. कोण कुठं अडकतंय ते कळतं. म्हंजे पुढच्या साली आधी तिथं धक्का मारायचा."

"अहो, हे तर लाइफ टेबल आहे!"

आणि तिनं त्यांना हॅली सांगितला. धूमकेतूवाला हॅली. त्यानं १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ नावाच्या गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेतल्या आणि कोष्टक मांडलं. एक हजार पोरं, त्यांतली पुढच्या वर्षी उरली ८५५, त्याच्या पुढच्या वर्षी ७९८, असं करत करत म्हाताऱ्यांपर्यंत. त्या कोष्टकावर पुढं अख्खा विम्याचा धंदा उभा राहिला.

नाना गप्प. मग एकदम तापले. "म्हंजे मी पोरांची मरणं लिहितोय म्हणतीस? हितं बसून?"

"पोरांची नाही हो, अर्जांची."

"अर्ज काय, पोरं काय!"

समजूत घालायला चहा मागवावा लागला. पण त्या दिवसापासून वही पोरीच्या घरी गेली आणि नानांचं लक्ष कशात लागेना. झेरॉक्सवाला सांगतो, दिवसातून दोनदा फोन करून विचारायचे, "वही वल्ली नाय ना झाली?" पोरीनं आकडे लॅपटॉपवर घातले, कुठल्या पायरीवर किती गळती ते काढलं आणि नानांचा दुष्काळ काढून त्या जागी नानांची वही घातली. तालुक्यातला एक माणूस या विषयाचं कुठलंही शिक्षण न घेता, कुठल्याही कंपनीच्या पगाराशिवाय, जोखमीचं कोष्टक मांडत बसला आहे, आणि ते कोष्टक शिकून मला परत इथं यायचं आहे, अशा अर्थाचं पत्र झालं. नानांना तिनं मराठीत वाचून दाखवलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "टँकर एकतरी ठेवला असतास."

शिफारसपत्राचं प्रकरण थोडक्यात सांगतो. नानांचा मजकूर ठरलेला. 'सदर विद्यार्थिनी माझ्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे.' परदेशी नमुन्यात उमेदवाराचे कच्चे दुवे कोणते असा प्रश्न होता. नानांनी तो नमुना आणणाऱ्या प्राध्यापकांना बजावलं, "पोरीच्या जातीला कच्चा दुवा लिहू नका, उद्या स्थळ बघायचंय." प्राध्यापकांनी 'ती प्रश्न फार विचारते' असं लिहिलं.

अर्ज गेल्यावर तिनं नानांना विचारलं, "नाना, चान्स किती?" हा प्रश्न पोरं विचारतातच, आणि नाना त्याचं उत्तर कधी देत नाहीत. होईल म्हटलं की पोरगं बाकीचे फॉर्म भरायचं सोडतं, होणार नाही म्हटलं की सगळंच सोडतं. विमा उतरवल्यावर माणूस काळजी कमी घेतो, हे ॲक्च्युअरींच्या पुस्तकात असतं असं पोरगी म्हणाली. नानांनी रेल्वेचा दाखला दिला. नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग १९९५ ला मंजूर झाला, आष्टीत गाडी आली सप्टेंबर २०२२ ला. "आली का नाय? मंग. फक्त तवर बसस्टँडवर उभं राहायचं सोडायचं नाय." म्हणून त्यांनी तिला नवी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीजची प्रवेश परीक्षाही द्यायला लावली. बारावीवर देता येते, मग एकेक पेपर सोडवत वर्षानुवर्षं जायचं, आणि देशभरात शेवटपर्यंत पोचलेले अजून काही शेकडेच. नाना म्हणाले, "म्हंजे एमपीएससी. नुसती जाहिरात वेळेवर निघणारी."

पुढं सिडनीहून पत्र आलं. आष्टीत त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि ते घाईत वाटले गेले. कारण पत्र सशर्त होतं. शिष्यवृत्तीवाल्यांना विनाअट पत्र पाहिजे होतं, आणि विद्यापीठाला जागा धरून ठेवायला आगाऊ रक्कम. रक्कम शिष्यवृत्ती मिळाल्यावर मिळणार होती. पोरगी रडकुंडीला आली. नानांचा चेहरा मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. परदेश म्हणजे काही वेगळं प्रकरण असेल अशी जी धास्ती त्यांना होती ती गेली. "तिथंबी आपल्यासारखंच हाय की! दोघंबी म्हणत्यात आधी तू. आण हिकडं." त्यांनी दोन्हीकडं पत्रं लिहायला घेतली. एका पत्राची प्रत दुसऱ्याला, दुसऱ्याची पहिल्याला, खाली 'माहितीस्तव सविनय सादर'. सिडनीच्या विद्यापीठातल्या बाईंना हे सविनय सादर पोचलं असावं, कारण त्यांनी मुदत वाढवून दिली.

निवडयादी अजून लागायची आहे. वहीत पोरीच्या नावापुढं बाकीच्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा आहेत आणि शेवटचा रकाना कोरा आहे. नानांनी हिरवं पेन कानावर लावून ठेवलंय, पण त्यांना तिकडं फार बघायला सवड नाही. दारात एक पोरगं येऊन उभं आहे, त्याला फायर अँड सेफ्टीचा डिप्लोमा करायचाय, आणि त्यानं आणलेला उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा पाहिजे होता तो एका वर्षाचा निघालाय.