मांडीवरचा प्रवासी

दोन वर्षांखालचं मूल म्हणजे नेमकं काय, याचा निकाल विमान कंपन्यांना अजून लावता आलेला नाही. प्रवासी म्हणावं, तर त्याला सीट नाही. सामान म्हणावं, तर त्याला पासपोर्ट लागतो. परदेशी जायचं तर त्याचं भाडं साधारण मोठ्यांच्या 10 टक्के. त्या पैशांत त्याला आईची मांडी मिळते, जी आधीपासून त्याच्याच मालकीची असते.

आमच्या कन्येचा पासपोर्ट ती तीन महिन्यांची असताना काढला. पार्श्वभूमी पांढरी हवी, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं आणि नजर सरळ कॅमेऱ्यात हवी. फोटोग्राफर खुळखुळा वाजवून दमला. शेवटी जो फोटो निघाला, त्यात ती निवृत्तीला टेकलेल्या हेडक्लार्कसारखी दिसते. पासपोर्ट 5 वर्षं चालणार. फ्रँकफर्टला बहिणीकडे निघालो तोवर तिला चांगलं जावळ आलं होतं. इमिग्रेशनच्या साहेबांनी फोटो पाहिला, तिला पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

सिक्युरिटीला नाचणीच्या सत्त्वाची पिशवी अडली. जवानाने ती उघडून हुंगली आणि अस्सल सातारी हेल काढून विचारलं, "सुंठ टाकली का न्हाई?" टाकली आहे म्हटल्यावर सोडलं.

खरं महाभारत झालं बॅसिनेटवरून. समोरच्या भिंतीला अडकवतात तो पाळणा. तो मोठ्या विमानांत आणि तोही मोजक्याच सीटांपुढे लागतो, म्हणून आधीच फोन केला.

"रिक्वेस्ट टाकली आहे, सर."

"म्हणजे मिळेल ना?"

"रिक्वेस्ट टाकली आहे, सर."

"कन्फर्म कधी होईल?"

"काउंटरवर, सर."

काउंटरवरच्या बाईंचं म्हणणं, हे फोनवरच कन्फर्म करून घ्यायचं असतं. त्यात पाळण्याला वजनाची मर्यादा, दहा-अकरा किलोची. आजीच्या तूपभाताचं फळ अंगावर मिरवणाऱ्या आमच्या कन्येच्या मांड्या त्या बाई संशयाने न्याहाळत होत्या. शेवटी पाळणा मिळाला.

रात्री अडीचचं विमान. तासभर थोपटून, गाणी म्हणून, हिने कन्येला पाळण्यात ठेवलं. हात अलगद काढून घेतला. टुंग! पट्ट्याचा दिवा लागला. हवाई सुंदरी लगबगीने आली आणि गोड हसून म्हणाली, "बेबीला बाहेर घ्या, मॅडम." विमान हलायला लागलं की पाळण्यात मूल ठेवायचं नाही, त्याला मांडीवर घेऊन आईच्या पट्ट्यात अडकवलेला छोटा पट्टा बांधायचा, असा नियम. नियम रास्तच आहे. पण विमान ज्या गचक्याने हललं, त्याने मूल जागं झालं नव्हतं. ते झालं पट्टा बांधताना. दिवा विझला, पुन्हा थोपटणं, पुन्हा पाळणा, पुन्हा टुंग. पायलटला आमच्या पाळण्यात काय चाललंय हे दिसत असावं, अशी माझी खात्री आहे. बायकोला ती मागेच पटली होती.

उंचावर विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. कळसूबाईचं शिखर साधारण 5400 फूट. म्हणजे धड रांगताही न येणारी मुलगी कळसूबाईच्या वर पोचून भोकाड पसरत होती. उतरताना दाब वाढतो, कान दडतात; गिळलं की मोकळे होतात, म्हणून तेव्हा पाजावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कन्या उतरायच्या अर्धा तास आधी पोटभर प्यायली आणि रात्रभरात पहिल्यांदा गाढ झोपली. आता तिला उठवायचं कुणी, यावर आम्हा नवराबायकोत कुजबुजत जे युद्ध झालं, त्यात मागच्या रांगेतल्या काकांनीही आपलं मत दिलं. ते उठवू नका असं होतं, हे सांगायला नकोच.

दोन वर्षं पूर्ण झाली की तिला स्वतःची सीट मिळेल, स्वतःचा पट्टा मिळेल, बॅगेचं वजनही मिळेल. भाडंही जवळजवळ मोठ्यांएवढं पडेल. आणि त्या सीटवर तिचं अस्वल बसेल. ती आईच्या मांडीवर.