उचललेल्या जीपचे पाटे

जुन्या जीपचे सस्पेन्शन म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन अशी पाट्यांची चार जुडगी, त्यांना चेसिसशी बांधणारे शॅकल आणि बुश, आसाशी आवळणारे यू-बोल्ट, आणि या सगळ्यांच्या उड्या आवरण्यासाठी चार शॉकअप. १९४७ पासून मुंबईत जुळवल्या जाऊ लागलेल्या विलिज जीपची रचना हीच होती. महिंद्राच्या सीजे आणि एमएम ५४० मध्ये ती तशीच राहिली, १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीनेही तीच पत्करली. २०१० च्या थारच्या सीआरडीई मॉडेलने पुढच्या चाकांपुरते पाटे सोडून टॉर्शन बार घेतले. मागे मात्र पाटेच ठेवले, कारण जीपवाल्याचा पाट्यावरचा विश्वास एकदम काढून घेणे बरे दिसले नसते.

अशी जीप उचललेली असेल, म्हणजे मूळ उंचीपेक्षा चार-सहा इंच वर नेलेली असेल, तर तिच्यासाठी नवे सस्पेन्शन निवडण्याआधी थोडे उत्खनन करावे लागते. जुनी जीप ही दर पिढीच्या वारसाने आपल्या सोयीने भिंत घातलेल्या वाड्यासारखी असते. सैन्याच्या लिलावातून आलेली गाडी आधी वडापला लागलेली असते. तिथल्या मालकाने पंधरा उतारू आणि टपावरच्या बोचक्यांसाठी मागे दोन पाटे वाढवलेले असतात. पुढचा मालक बागायतदार. मागची बाजू वर आणि पुढची खाली दिसते म्हणून त्याने पुढे लांब शॅकल घातलेले असतात. तिसरा मालक शहरातला तरुण. मोठे टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून त्याने पाटे आसाखालून काढून आसावर नेलेले असतात. चौथा मालक हे सर्व एकत्र विकत घेतो, गाडी फार आदळते असे त्याच्या लक्षात येते, आणि तो महागडे शॉकअप शोधू लागतो. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या चौथ्या मालकासाठी आहे.

उंची कोणत्या मार्गाने आली आहे हे गाडीखाली वाकून पाहिल्यावर कळते. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एक इंच वर येते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते. हा सर्वांत स्वस्त मार्ग असून त्याची किंमत स्टिअरिंग फेडते. विलिज घराण्यातल्या जीपचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की आस पुढे झुकतो, चाकांना सरळ ठेवणारा मागचा झुकाव म्हणजे कॅस्टर कमी होतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी आपल्या मनाने दोन्ही बाजूंची शेते पाहत चालते. दुसरा मार्ग पाट्यांना नवी कमान मारून घेण्याचा. तिसरा मार्ग पाटे वर घेण्याचा. मूळ रचनेत आस पाट्यांच्या वर बसलेला असतो. तो खाली नेला की पाच इंचांच्या आसपास उंची एका दिवसात मिळते. मऊ मूळ पाटे तसेच ठेवता येतात हा यातला खरा गुण आहे. दोष पुढे यथाक्रम येतील. ते पुष्कळ आहेत.

या उंचीने नेमके काय मिळते, याबद्दल जीपवाल्यांच्या मंडळात एक समजूत ठाम असते. ती अशी की, गाडी उचलली म्हणजे ती दगडावरून जाते. चेसिस, गिअरबॉक्स आणि पायरी यांच्यापुरते हे खरे आहे. डिफरन्शियलचा गोळा मात्र आसावर असतो आणि आस चाकावर. पाट्यांचे काहीही केले तरी तो जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. त्याला वर नेण्याचे सामर्थ्य फक्त टायरमध्ये आहे, तेही निम्मे: टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एक इंच वर जातो. म्हणून सहा इंच उचललेली आणि मूळ मापाच्या टायरवर उभी असलेली जीप पहिल्याच खडकावर तिथेच अडकते, जिथे न उचललेली अडकली असती. फक्त ती अडकलेली लांबून दिसते.

आता कडकपणा. पाट्याचे गणित लहान आहे आणि निर्दय आहे. लांबी-रुंदी तीच ठेवली तर कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. सहा मिलिमीटरचा पाटा काढून आठचा घातला की त्या पाट्याचा कडकपणा दुपटीहून जास्त होतो. सहाचे दोन पाटे मिळूनही आठच्या एका पाट्याला हरतात. शिवाय पातळ पाटा तुटण्याआधी जास्त वाकू शकतो. ज्याला चाक खड्ड्यात खोल उतरायला हवे आहे त्याने पातळ आणि जास्त पाटे घ्यावेत, जाड आणि मोजके नव्हेत. पाटेवाल्याच्या दुकानात याच्या उलट घडते. पाटेवाला विचारतो, “मालक, लोड किती भरता?” मालक अभिमानाने सांगतो की लोड नाही, डोंगरात जातो. पाटेवाल्याने आयुष्यभर ट्रक, टेम्पो आणि उसाच्या ट्रॉल्या पाहिलेल्या असतात. लोड नसताना पाटे कशाला बदलायचे हे त्याला उमगत नाही, आणि ग्राहक देवासमान असल्यामुळे तो एक जाड पाटा वाढवून देतो.

त्याचा परिणाम प्रवाशाच्या पोटाला कळतो. गाडीच्या स्थिर वजनाखाली स्प्रिंग जितकी दबते त्यावर तिच्या झोक्याची गती ठरते: पंचवीस सेंटिमीटर दबली तर सेकंदाला सुमारे एक झोका, सहा सेंटिमीटर दबली तर दोन, आणि जेमतेम दीड सेंटिमीटर दबली तर चार. माणसाला एक-दीड झोके मानवतात. सेकंदाला चार ते आठ हा पट्टा मात्र बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त त्रास देतो. त्यात पोटातले अवयव स्वतंत्रपणे डोलू लागतात. पंधरा उतारूंसाठी बांधलेल्या जुडग्यावर एकटा मालक रविवारी निघाला की तो बरोबर या पट्ट्याकडे सरकतो. म्हणजे वडापच्या काळात ही गाडी खरोखरच आरामशीर होती, आणि तो आराम परत मिळवण्याचा एक मार्ग चौदा माणसे गोळा करणे हा आहे.

दुसरा मार्ग वजन करण्याचा. साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी, अशी तीन वजने घ्यावीत. ट्रिपला जाताना जे सामान असते ते सगळे भरून घ्यावीत. तारेच्या दोरीसह विंच चाळीस किलोच्या घरात जाते. लोखंडी बंपर, वीस-वीस लिटरचे दोन कॅन, टपावरचा कॅरिअर आणि मालकाच्या मेहुण्यासाठी ठेवलेली जागा यांची बेरीज कोणीच करत नाही. काटेवाला संशयाने पाहील, कारण आपले वजन कमी निघावे अशी इच्छा धरणारे गिऱ्हाईक त्याच्याकडे सहसा येत नाही. पण हे आकडे हातात असले की पाटेवाल्याला लोड किती या प्रश्नाचे खरे उत्तर देता येते, आणि पुढचे पाटे मागच्यांपेक्षा वेगळे का हवेत हेही कळते.

शॉकअपचा क्रम यानंतर येतो. शॉकअप गाडी उचलत नाही आणि पेलत नाही. तो पाट्याचे हेलकावे तेल बारीक छिद्रांतून ढकलून जिरवतो. पाटे लाकडासारखे कडक असतील तर जिरवायला हेलकावाच नसतो, आणि मोठ्या किमतीचा शॉकअप नुसता रंगीत नळी म्हणून लटकतो. फ्रान्सच्या द कार्बनने १९५३ च्या सुमारास बाजारात आणलेला, दाबाखालच्या नायट्रोजनचा एकनळी शॉकअप तेलाला फेस येऊ देत नाही आणि लवकर थंड होतो. मात्र त्याच्या एकुलत्या नळीला दगडाचा पोचा पडला की दट्ट्या अडकतो. दुहेरी नळीचा साधा शॉकअप असा मार सोसतो. खडकाळ वाटेवर हळू चालणाऱ्या जीपला दुसरा पुरतो, आणि तो स्वस्त आहे हे कारण मित्रांना सांगायची गरज नाही. खरे महत्त्व लांबीला आहे. चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना आणि पूर्ण वर दाबलेले असताना दोन्ही मापे घ्यावीत. शॉकअप तोकडा पडला तर खड्ड्यात उतरणारे चाक त्यालाच लटकते. लांब झाला तर तो पाट्याआधी टेकतो आणि आपला माउंट उखडून घेतो.

पाट्यांमध्ये जळके ऑइल आणि डिझेल फवारण्याची प्रथा सर्वत्र आहे. दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालते. तिसऱ्या दिवशी त्या ऑइलवर धूळ बसते आणि पाटे एकमेकांना पॉलिश करू लागतात. बुशच्या बाबतीत रबर बरे. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण ग्रीस संपले की ते प्रत्येक गतिरोधकाची दखल आवाजाने घेतात.

पाटे वर घेतल्याचे दोष इथे येतात. चेसिस वर गेले पण स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक चाकाजवळच राहिला, त्यामुळे तो तिरपा होतो. चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंग आपोआप वळते. जोर लावला की आस स्वतःभोवती फिरू पाहतो आणि पाटा नागमोडी होतो; त्याला आवरायला वेगळा दांडा लागतो. आखूड जीपचा मागचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच हातभर, तो आता घसरगुंडीच्या कोनात उभा राहतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन समान नसतील तर विशिष्ट वेगाला सगळी गाडी गुणगुणते. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. पुढची चाके थरथरू लागली, म्हणजे वॉबलिंग सुरू झाले, तर बाजारात स्टिअरिंग डँपर मिळतो. तो वॉबलिंग लपवतो, किंगपिनचे झिजलेले बेअरिंग तसेच राहते. गुरुत्वमध्य वर गेल्याने बाजूच्या उतारावर गाडी लवकर कलते. टायर थोडे बाहेर काढून त्याची अंशतः भरपाई होते.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगच्या आठवड्यात अनेक जीपची उंची अचानक कमी होते, हा वैद्यकीय चमत्कार नव्हे. ज्याला दर पाच वर्षांनी हा व्यायाम नको आहे त्याने मूळ मापाचे, पातळ पानांचे, नव्याने कमान दिलेले पाटे आणि योग्य लांबीचे शॉकअप एवढ्यावर थांबावे. उत्खननात सापडलेल्या आधीच्या तीन मालकांच्या भिंती पाडल्या की बहुतेक गाड्यांना याहून अधिक काही लागत नाही.

बसवताना यू-बोल्ट नवे घ्यावेत. एकदा ताणलेले परत वापरू नयेत. बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आवळावेत, हवेत टांगलेली असताना नव्हे, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते. नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतात. उंची चोरीला गेली अशी तक्रार घेऊन पाटेवाल्याकडे जाऊ नये. काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि समोरच्याचे डोळे दिपवणारे हेडलाइट खाली करून घ्यावेत. यू-बोल्ट आवळण्यासाठी उचललेल्या जीपखाली जॅक न लावता आरामात शिरता येते.