क्युबा, व्हाया सोनारी

अमेरिकन नागरिकाला क्युबात जाऊन मौज करायला कायद्याने मनाई आहे. शिकायला मात्र परवानगी आहे. अमेरिकेच्या सरकारने क्युबाप्रवासाची बारा कारणं ठरवून दिली आहेत आणि त्यांत पर्यटन नाही. त्यामुळे तिकडचा माणूस हवानाला निघतो तो अभ्यासालाच. दिवसभराचा कार्यक्रम भरगच्च ठेवायचा, कागदपत्रं जपायची, आणि समुद्रावर पाय पसरून बसायचंच झालं तर शेजारच्या क्युबन माणसाशी समाजव्यवस्थेवर चार शब्द बोलून घ्यायचे. आपल्यावर असली सक्ती कोणी केलेली नाही. तरीही मराठी माणूस क्युबाला निघाला की ‘संस्कृती आणि क्रांतीचा इतिहास समजून घ्यायला’च निघतो. थायलंडला जाताना तो असलं काही म्हणत नाही.

जायला माझी हरकत नाही. हवानाच्या क्रांती संग्रहालयामागे ‘ग्रान्मा’ ही बोट काचेच्या घरात ठेवली आहे. १९५६ साली मेक्सिकोहून ८२ माणसं तीत बसून क्रांती करायला आली. सान्तियागोला मोंकादाची बराक आहे, सान्ता क्लाराला चे गेव्हाराची समाधी आहे. हे सगळं पाहावं, चेचा चेहरा छापलेला शर्ट घ्यावा आणि घरी येऊन सोसायटीच्या वॉचमनच्या पगारवाढीला विरोध करावा. माझी तक्रार एवढीच की चुकीची माणसं जातात. क्युबाचा इतिहास मुळात उसाचा इतिहास आहे. तो शिकायला कोणाला पाठवायचंच असेल तर पुण्यामुंबईच्या वाचनवेड्यांना नव्हे, परांडा तालुक्यातल्या सोनारीकडच्या ऊसतोड टोळीला पाठवावं. तिचा निम्मा अभ्यासक्रम विमानात बसायच्या आधीच झालेला असतो.

सोनारी बाहेरच्यांना माहीत आहे ती काळभैरवनाथासाठी आणि भैरवनाथाच्या वानरांसाठी. पण तिथे साखर कारखानाही आहे, देवाच्याच नावाचा. सीना-कोळेगाव धरणाचं पाणी पोचलं तिथे ऊस उभा राहतो. नाही पोचलं तिथली माणसं भूम-वाशीच्या माणसांसारखीच दसरा-दिवाळीला टायरगाड्या जुंपून दुसऱ्यांचा ऊस तोडायला निघतात. म्हणजे बागाईतदार, मुकादम, तोडकरी आणि चिमणी हे चौघेही एका तालुक्यात सापडतात. क्युबाच्या इतिहासातली मुख्य पात्रंही हीच चार आहेत. बंदूक नंतर येते.

पुरावा देतो. क्युबाचं पहिलं स्वातंत्र्ययुद्ध १० ऑक्टोबर १८६८ रोजी सुरू झालं ते साखर कारखान्याच्या घंटेने. कार्लोस मान्युएल दे सेस्पेदेस या कारखानदाराने ला देमाहागुआ इथल्या आपल्याच कारखान्याची घंटा वाजवली, आपल्या गुलामांना गोळा केलं आणि आजपासून तुम्ही मोकळे असं सांगितलं. (कारखान्याने कामगारांना एकदम मोकळं करणं आपल्याकडेही घडतं, फक्त हंगाम संपल्यावर आणि हिशेब बाकी ठेवून.) पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. फिडेल कॅस्ट्रोचे वडील आन्हेल स्पेनहून शिपाई म्हणून आले, अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीला मजुरांच्या टोळ्या पुरवू लागले आणि त्यातून मोठे बागाईतदार झाले. चरित्रकार यावर वर्गसंघर्षाची प्रकरणं लिहितात. सोनारीत एवढंच म्हणतील की पोरगा मुकादमाचा होता, आणि तेवढ्यात बरंच समजून चुकतील. साखरेचा भाव क्युबाने कधीच ठरवला नाही. आधी तो वॉशिंग्टनने ठरवला, १९६० मध्ये अमेरिकेने साखरेचा कोटा तोडल्यावर मॉस्कोने. उसाचा भाव दिल्लीत ठरतो हे ज्याला जन्मापासून माहीत आहे, त्याला साम्राज्यवादावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

आता १९७० चा हंगाम घ्या. फिडेलने जाहीर केलं की यंदा क्युबा १ कोटी टन साखर काढणार. सगळा देश फडात उतरवला. कारकून आले, प्राध्यापक आले, मंत्री आले, खुद्द फिडेल आला. नाताळ आड येत होता म्हणून १९६९ चा नाताळ पुढे ढकलला, आणि तो सुट्टी म्हणून परतला एकदम १९९७ मध्ये. साखर निघाली सुमारे ८५ लाख टन. कारणं बरीच होती. जुने कारखाने अडखळले, वाहतूक कोलमडली. पण एक कारण असं की कारकुनांनी ऊस वरून तोडला. साखर असते बुडख्यात. कमरेत न वाकणारा माणूस तीच फडात सोडून येतो. हे अर्थशास्त्रज्ञांना नंतर कळलं. आपल्याकडे कोयता धरणाऱ्या बाईला ते पहिल्या हंगामात कळतं, कारण बुडखा वर राहिला की बांधावरून शेतकरी आणि टोळीतून मुकादम असे दोघेही एकाच वेळी बोलायला लागतात. फिडेलने २६ जुलै १९७० ला लाखो लोकांसमोर अपयश कबूल केलं. इकडे महाराष्ट्राने २०२१-२२ च्या हंगामात सुमारे १३७ लाख टन साखर काढली. म्हणजे क्युबन क्रांतीचं अपुरं राहिलेलं स्वप्न महाराष्ट्राने पुरं करून वर शिल्लक टाकली, तेही गुढीपाडवा पुढे न ढकलता, आणि त्याबद्दल कोणी चौकात भाषणही केलं नाही.

१९७० च्या त्याच हंगामात शेकडो अमेरिकन तरुण ‘वेन्सेरेमोस ब्रिगेड’ नावाच्या तुकडीतून क्युबाला ऊस तोडायला गेले. क्रांती समजून घ्यायची तर ऊस तोडला पाहिजे, असा त्यांचा समज होता, आणि तो चुकीचा नव्हता. ते काही आठवडे राहिले. त्यांच्यावर पुस्तकं निघाली, अमेरिकी सरकारने पाळत ठेवली. इकडे माणसं दरवर्षी पाच-पाच महिने त्याच अभ्यासाला जातात, नवराबायको मिळून एक कोयता या हिशेबाने, पाचटाच्या कोपीत राहतात, आणि त्यांच्यावर पाळत ठेवतो तो फक्त उचल दिलेला मुकादम. प्रवासवर्णन अजून एकाचंही आलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ऊस सारखा असला म्हणून क्रांती सारखी होत नाही. आपल्याकडे क्रांती झाली कुठे? वरवर बरोबर आहे. पण परांडा हा निजामाचा मुलूख होता आणि धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गाला १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. पाचव्या दिवशी संस्थान संपलं. राज्य उलथवण्याचं काम आपल्या लोकांनी क्युबाच्या आधी दहा वर्षं उरकलं होतं. जमिनीचं म्हणाल तर क्युबाच्या मे १९५९ च्या कायद्याने माणशी कमाल मर्यादा ठेवली सुमारे हजार एकर. त्यातून कॅस्ट्रोंच्या घरची जमीनही सुटली नाही, हे मान्य. १९६३ मध्ये ती मर्यादा १६५ एकरांवर आणली. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यात जिरायतीची मर्यादा ५४ एकर आहे आणि बारमाही पाण्याखालच्या जमिनीची १८. कागदावर आपण फिडेलपेक्षा कितीतरी जहाल आहोत. आणि धाराशिव जिल्ह्यातल्याच उपळा गावच्या दप्तरी ३२ एकर जमीन चक्क माकडांच्या नावावर आहे. तीही जिरायत धरली तर मर्यादेच्या आतच. असा समाजवाद हवानालाही जमला नाही.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. तोडकऱ्याला स्पॅनिश येत नाही, सोन संगीत कळत नाही, तो तिथे करणार काय? स्पॅनिश तर पुणेकरालाही येत नाही. तो फक्त मेनूकार्ड वाचताना मान डोलावतो. संस्कृतीचं म्हणाल तर १७ डिसेंबरला हवानाजवळ एल रिंकोनला सान लासारोची यात्रा भरते. लोक नवस फेडायला गुडघ्यांवर, लोटांगणं घालत जातात. नाव ख्रिस्ती संताचं, पण आत आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेला बाबालू आये, रोगराई देणारा आणि तीच बरी करणारा देव. त्याच्या पायाशी कुत्री असतात. अभ्यासू पर्यटक इथे मिश्र धर्मपरंपरांवर टिपण काढत बसतो. काळभैरवाच्या गावचा माणूस मूर्तीच्या पायाशी कुत्रा पाहून हात जोडेल आणि नारळ कुठे मिळतो ते विचारेल. यातला संस्कृतीत शिरलेला कोणता, हे वाचकांनीच ठरवावं. निरीश्वरवादी सरकारच्या काळातही ही यात्रा बंद पडली नाही, याचंही त्याला नवल वाटणार नाही. सरकारं यात्रेला बस सोडतात किंवा सोडत नाहीत, एवढाच त्याचा अनुभव.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे: आज क्युबात ऊस आहेच किती? सोव्हिएत संघ १९९१ मध्ये गेला, हक्काचं गिऱ्हाईक गेलं, आणि २००२ मध्ये सरकारने सुमारे निम्मे कारखाने एकदम बंद केले. काहींची संग्रहालयं झाली. काइबारियेनजवळच्या एका कारखान्यात आता वाफेची इंजिनं बघायला तिकीट काढून जातात. बरं, कोयत्यावर तर त्याआधीच पाणी सोडलं होतं. १९६३ मध्ये चे स्वतः तोडणी यंत्रावर बसून ते चालवून बघत होता, आणि ऐंशीच्या दशकात निम्म्याहून जास्त ऊस यंत्रं तोडू लागली. ऊसच नाही म्हटल्यावर तोडकऱ्याने काय बघायचं? माझ्या मते हेच बघायचं. बंद कारखाना पर्यटकाला देखणा दिसतो. गंजलेल्या चिमणीचा फोटो चांगला येतो. ढोकीचा तेरणा कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिलेला ज्याने पाहिला आहे, तो फोटो काढणार नाही. माणसं गेली कुठे ते विचारेल. आणि माणसाची कंबर वाचवणारं यंत्र बघून क्रांती झाली म्हणायचं की रोजगार गेला म्हणायचं, हा जो प्रश्न चेच्या डोक्यात असायला हवा होता, तो याच्या डोक्यात आधीपासून आहे, कारण हार्वेस्टर आता त्याच्याही फडात आला आहे.

राहता राहिली अडचण तारखांची. क्युबात जायचा चांगला काळ नोव्हेंबर ते एप्रिल, असं सगळ्या ट्रॅव्हल कंपन्या छापतात. नेमका तोच तिथला गळीत हंगाम आणि इथलाही. म्हणजे ज्याला सगळं कळेल तो तेव्हा फडात असणार, आणि ज्याला काही कळणार नाही तो हवानात. हंगाम आटोपून चैत्रात सोनारीची यात्रा होते, ती चुकवून चालायचं नाही. उरला पावसाळा. तिथे तेव्हा वादळं असतात. पण जुलैत सान्तियागोचा कार्निव्हल असतो, उसाच्या हंगामानंतरच्या सुट्टीतून वाढलेला. त्याच गर्दीचा आडोसा घेऊन २६ जुलै १९५३ ला फिडेलने मोंकादावर हल्ला केला होता. तेव्हा आषाढातच निघावं हे बरं. पैशाचीही फारशी चिंता नाही, कारण त्याच सुमाराला मुकादम दारोदार उचल वाटत फिरत असतात. तिकिटापुरती रक्कम हातात येते. ती तेवढी पुढच्या हंगामाची असते.