खुराड्याचा मुहूर्त

घरात खोक्यामध्ये, पिवळ्या बल्बखाली वाढणारी कोंबडीची पिल्लं अंगणातल्या खुराड्यात कधी हलवायची, हे बहुतेक घरांत माणसांच्या सोयीने ठरतं. ज्यांना वासाचा त्रास होतो, त्यांच्या मते तिसऱ्या आठवड्यातच पिल्लं कर्तीसवरती झालेली असतात. ज्यांनी पिल्लांना नावं ठेवलेली असतात (चांगल्या अर्थाने), त्यांच्या लेखी आरवायचा सराव करणारा कोंबडासुद्धा ‘अजून लहान’च. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात, पण पिल्लाच्या अंगावर पिसं किती आली हे कोणी वाकून बघत नाही. माझं म्हणणं असं की या प्रकरणात मत पिल्लाचंच घ्यावं. ते न विचारताही देतं.

नुकतं जन्मलेलं पिल्लू स्वतःच्या अंगाची ऊब राखू शकत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण 35 अंश सेल्सिअस ठेवायचं आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायचं, असा रूढ हिशोब आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात लव जाऊन अंगभर पिसं येतात, तोवर हिशोबही विशीच्या आसपास येऊन टेकतो. हिशोब चांगलाच आहे, पण थर्मामीटरपेक्षा ताजी बातमी खोक्यात मिळते. पिल्लं बल्बच्या खाली एकमेकांच्या अंगावर चढून कलकलाट करत असतील, तर थंडी आहे. चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सोडून कडेला गेली असतील, तर उकडतंय. आणि तुसावर जागा मिळेल तिथे, तंगड्या पसरून, मान टाकून मेल्यासारखी पडली असतील, तर सगळं उत्तम चाललंय. नवख्या मालकाच्या काळजात धस्स होतं ते नेमकं याच वेळी. पुढे पिसं भरली की पिल्लं बल्बकडे पाठ करून बसू लागतात. बल्ब आधी दिवसा आणि मग रात्रीही बंद ठेवून बघावा. तरी कोणी कुरकुरलं नाही, तर घर सोडण्याचा अर्ज आला असं समजावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आमच्या आजीने कुठे थर्मामीटर लावला होता? खुडूक कोंबडी तर दोन-तीन दिवसांची पिल्लं घेऊन उकिरड्यावर हिंडते! अगदी बरोबर. पण ती जाताना हीटर बरोबर नेते. पिल्लू थोडा वेळ माती उकरतं, गारठलं की आईच्या पोटाखाली शिरतं, ऊब घेतली की पुन्हा बाहेर. बल्बला पाय नसतात. शिवाय आजीच्या गोष्टीत जगलेली पिल्लं असतात. घारीने उचललेली, मुंगसाने नेलेली आणि मानमोडीने गेलेली त्या गोष्टीत नसतात. आता आजीचीच साक्ष काढायची, तर पूर्ण काढावी. तीच मायाळू खुडूक कोंबडी दीड-दोन महिन्यांनी जवळ आलेल्या पिल्लाला टोच मारून हाकलते. ‘अजून लहान आहेत’वाल्यांना हा भाग सोयीस्करपणे आठवत नाही. वाढलेली पिल्लं खोक्यात ठेवणं ही माया नव्हे. दाटी आणि उकाडा वाढला की ती एकमेकांची पिसं उपटतात, आणि एकाच्या अंगावर रक्त दिसलं की बाकीची त्यावरच तुटून पडतात. तोवर घरातल्या पंख्यापासून देव्हाऱ्यापर्यंत पिसांच्या भुग्याचा थर बसलेला असतो तो वेगळाच.

‘मग सहा आठवडे असं सरळ सांगा ना!’ सांगता येत नाही, कारण पिल्लू कॅलेंडरमध्ये राहत नाही, गावात राहतं. डिसेंबरात निफाडला पहाटेचा पारा एक आकडी होतो. तिथे आणखी थोडं थांबण्यात शहाणपण आहे. मे महिन्यात चंद्रपुरात ऊब हवी का, हा प्रश्नच विनोदी. तिथे सावली आणि पाणी हवं. कोकणात जुलैत थंडीपेक्षा ओल वाईट. ओल्या तुसात कॉक्सिडिया हे परजीवी वाढतात आणि विष्ठेत रक्त दिसू लागतं. तिथे आठवडे मोजत बसण्यापेक्षा खुराड्याची जमीन उंच आणि कोरडी आहे का, हे आधी बघावं.

राहिला ‘बाहेर मुंगूस नेईल’ हा आक्षेप. तो खरा आहे, पण त्याचा रोख पिल्लाच्या वयाकडे नसून जाळीकडे आहे. षटकोनी भोकांची नेहमीची जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवीलच असं नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावावी आणि ती फूटभर जमिनीत पुरावी. कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून लावावा. बिथरलेली पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि तळातली गुदमरतात. हलवायचं ते सकाळी, म्हणजे नव्या जागेतलं पाणी कुठे आणि दाणा कुठे हे उजेडी कळतं. आणि पहिले चार-पाच दिवस बाहेर सोडूच नये. नाहीतर संध्याकाळी हे घर आपलं आहे हे त्यांच्या गावीही नसतं; ती दिसेल त्या आडोशाला जमतात आणि एकेकाला हाताने आत टाकावं लागतं. वासाची तक्रार करणारा पक्ष त्या वेळी टीव्हीसमोर असतो; टॉर्च घेऊन तुळशीमागे ओणवा झालेला असतो तो नावं ठेवणारा.