आठ भिडू, सहा तालुके

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक जिंकले. ‘दिवसभर पत्ते कुटता’ हे घरी ऐकून घेणाऱ्या समस्त ज्येष्ठांच्या हाती तेव्हा प्रथमच सज्जड पुरावा आला. आता वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या मंडळाला संघांचा ब्रिज भरवायची हुक्की आलीच, तर पहिली अडचण अंकगणिताची.

एका सामन्याला दोन संघ, दोन टेबले, आठ माणसे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तालुके सहाच. प्रत्येकी एक भिडू आला तरी दोन कमी. ते वाशीमचेच घेतले, की रिसोड आणि कारंजा रुसणार.

खरा घोळ पुढेच. या खेळात दोन्ही टेबलांवर तेच वाटप खेळले जाते. एकीकडे आपली जोडी उत्तर-दक्षिण, दुसरीकडे आपलीच दुसरी जोडी पूर्व-पश्चिम. म्हणजे ‘पानेच वाईट आली’ ही सबब बाद! त्यासाठी प्रत्येकाने आपली तेरा पाने स्वतःपुढे ठेवून डाव संपताच बोर्डात, म्हणजे दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या पानांच्या खणपेटीत, परत घालायची. मेंढीकोटावर वाढलेला हात मात्र सवयीने बावन्न पाने गोळा करतो, पिसतो आणि वर विचारतो, ‘वाटू का?’

डमीने, म्हणजे पाने उघडी मांडून बसलेल्या भिडूने, गप्प बसायचे, हा नियम करणाऱ्याने वऱ्हाड पाहिलेला नसावा.

पैसे लावले नाहीत तर पोलिसांची धास्ती नको. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याचे तेरावे कलम निव्वळ कौशल्याचे खेळ वगळते. आयोजकांनी मानोऱ्याच्या भिडूची शेवटची एसटी किती वाजता आहे, तेवढे मात्र आधी विचारून ठेवावे.