सुरतेची वसुली

महाराजांनी सुरत दोनदा लुटली, १६६४ साली आणि १६७० साली. त्याची भरपाई इथले प्लंबर लिंबायत-उधन्याच्या खानदेशी बिऱ्हाडांकडून अजून हप्त्याहप्त्याने करून घेताहेत, असा आमचा दाट संशय आहे. बदलायचा असतो नुसता शॉवर. प्लंबर येतो, वर बघतो, "कुणी बसवलाय हा?" म्हणत चुकचुकतो आणि अख्ख्या पाइपलाइनचा खर्च सांगतो. मग "काले आवीश", म्हणजे उद्या येतो, म्हणून जातो. कोणत्या महिन्यातलं काले, ते तापीमाईलाच ठाऊक.

खरं तर काम ते किती? अर्ध्या इंचाचा आटा. जुना शॉवर फिरवून काढायचा, आट्यावर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आणि नवा हातानेच घट्ट. नुसता बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार धरला असेल तर शॉवर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवला, की भोकं मोकळी; नवा घ्यायलाच नको.

फक्त हे घरातल्या कर्त्या पुरुषाला सांगू नये. तो पान्याला लोंबकळतो, भिंतीतला एल्बो तडकतो. मग टाइल्स फोडायला प्लंबर अर्ध्या तासात हजर, तोही मदतनीस घेऊन.