अत्रे सुटले, अंक अडकला

आचार्य अत्रे दुबईत १ जानेवारी २०२० रोजी सुटले. महाराष्ट्रात ते ३१ डिसेंबर २०२९पर्यंत आत आहेत.

गैरसमज नको, मामला कॉपीराइटचा आहे. भारताचा कायदा लेखक गेल्यावर साठ वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क मानतो, संयुक्त अरब अमिरातीचा कायदा पन्नास. दोन्हीकडे मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. अत्रे गेले १३ जून १९६९ रोजी. करा हिशेब. वि. स. खांडेकर १९७६मध्ये गेले, म्हणजे २०२७ उजाडलं की दुबईत ‘ययाति’ सगळ्यांचा. कोल्हापूरकरांना त्यासाठी २०३७ची वाट पाहावी लागेल. इतकी वर्षं लोक दुबईतून सोनं नेत आले, आता खांडेकर न्यावेत. घडणावळही लागत नाही.

हा शोध फ्रान्सवाल्या काकांचा. काका फ्रान्सला राहतात, मी इंग्लंडला, आणि आमच्यामध्ये इंग्लिश खाडी नाही, वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्या आहेत. ज्यांनी इंटरनॅशनल सिटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुबईच्या वर्सान भागात नखील कंपनीने वसवलेली ही बुटक्या इमारतींची वस्ती. तिचे विभाग देशांच्या नावाचे: फ्रान्स, इंग्लंड, रशिया, इटली, ग्रीस, स्पेन, मोरोक्को, पर्शिया, चीन आणि न विसरता अमिराती. प्रत्येक देशाच्या वाट्याला त्याच्या त्याच्या कमानी, खांब आणि रंग आले आहेत. तळमजल्यावर मात्र जगात कुठेही जा, ग्रोसरी आणि सलूनच. रशियात राहणाऱ्या वहिनींकडे रविवारी आंबोळ्या असतात, चीनमध्ये राहणारा आयटीतला पोरगा भाकरी डब्यातून मागवतो. शेजारी २००४ पासून ड्रॅगन मार्ट आहे, ड्रॅगनच्या आकाराचा, सव्वा किलोमीटर लांब. एवढ्या देशांची वास्तुकला उचलून गाव वसवलं, पण एकाही देशाने रॉयल्टी मागितल्याचं ऐकिवात नाही. कॉपीराइटवर गांभीर्याने बोलायला यापेक्षा योग्य पत्ता मला तरी ठाऊक नाही.

आणि आम्ही बोलतो. यंदा गणपतीच्या सुमारास वस्तीतल्या मराठी मंडळींनी स्मरणिका काढायची ठरवली. विषय आयटीतल्या पोराने सुचवला: तंत्रज्ञान, अभिव्यक्ती आणि खासगीपणा. काका संपादक, वहिनी सहसंपादक, मी शुद्धलेखन. (वर्गणी नाही. परवानगीशिवाय पैसे गोळा करणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे जगातल्या पहिल्या बिनवर्गणीच्या मराठी उपक्रमाचा मी साक्षीदार आहे.) लेख भराभर आले. ते तपासताना मला एक नियम सापडला. माणसाच्या मतातलं धैर्य हे विषयापासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात असतं.

उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियातल्या कंपन्या आपला डेटा कसा चोरतात यावर काकांचे पाच पानी लेख. धारदार. मार्क झुकेरबर्गला त्यांनी असं काही सोलून काढलंय की तो पुन्हा फ्रान्सकडे फिरकणार नाही. खऱ्या चीनमधल्या चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर वहिनींनी लिहिलंय, तेही जळजळीत. पुण्यातल्या पोलिसांवर, मुंबईच्या महापालिकेवर, दिल्लीच्या सरकारवर प्रत्येकी दोन-दोन लेख. दुबई पोलिसांनी जानेवारी २०१८मध्ये ‘ओयून’ नावाची कॅमेऱ्यांची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची योजना सुरू केली, त्यावर एकच लेख आला. शीर्षक: ‘सुरक्षित शहर’. आणि आमच्या वस्तीत काही संध्याकाळी सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडून जो वास येतो, त्याच्यावर एक चारोळी. तीत त्याला ‘वेगळा वारा’ म्हटलं आहे.

मी कुणाला हसत नाही. माझाही या सदराचा विषय अत्रे आहे, हे चाणाक्ष वाचकाने टिपलं असेलच.

खासगीपणाचं उदाहरण घ्या. २०१७च्या ऑगस्टमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा काकांनी इकडे पेढे वाटले होते. आधारसाठी दहा बोटांचे ठसे देताना त्यांनी कोथरूडच्या केंद्रावर जो वाद घातला, तो आमच्याकडे अजून सांगितला जातो. तेच काका दुबई विमानतळाच्या स्मार्ट गेटसमोर टोपी काढून, चष्मा काढून, हनुवटी वर करून उभे राहतात आणि यंत्राने डोळे टिपले की कृतार्थ चेहऱ्याने पुढे जातात. “रांग नाही हो,” म्हणतात. बरोबरच आहे. मराठी माणूस तत्त्वासाठी प्राण देईल, रांगेत उभा राहणार नाही.

बेड स्पेसमध्ये राहणाऱ्यांना हा विषय समजावून सांगायला लागत नाही. खांबावरच्या चिठ्ठीत ‘फक्त महाराष्ट्रीय एक्झिक्युटिव्ह बॅचलर’ असं वाचून जो खोलीत शिरतो, त्याच्या खासगी आयुष्याची रुंदी दुमजली पलंगाएवढी असते. त्याला पडदा असतो. पडद्याआडून होणाऱ्या बायकोशी चाललेलं बोलणं बाकीचे पलंग ऐकतात आणि फोन ठेवल्यावर सल्ला देतात. पण या खोलीतल्या कुणाचा संमतीशिवाय फोटो काढून पाठवला, तर २०२१च्या सायबर कायद्यानुसार निदान सहा महिने कैद किंवा दीड ते पाच लाख दिरहॅम दंड. म्हणजे एका कुशीवर वळलं तर शेजाऱ्याला कोपर लागतं, पण त्याचा चेहरा लाखमोलाचा. गाड्यांचंही तेच. आपल्या जागेत दुसऱ्याने लावलेल्या गाडीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं हा ठाण्यापासून नाशिकपर्यंत नागरी कर्तव्याचा भाग आहे. इथे काकांनी असा फोटो काढला. मग गाडीत कुणीतरी बसलेलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोटो पुसला, हात वर केला आणि त्या गृहस्थाला “सलाम” म्हणाले.

मग टोटॉकची गोष्ट. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून निरोप जातो, फोटो जातो, सुप्रभात जातं, पण कॉल एरवी लागत नाही. त्यासाठी बोटिमसारखी परवानाधारक ॲप घ्यायची. त्यामुळे संगमेश्वरातल्या आजीलाही ते ॲप शिकावं लागतं आणि नातवाचा चेहरा अर्धवट थिजलेला पाहावा लागतो. २०१९मध्ये टोटॉक आलं. फुकट, चित्र स्वच्छ, कुठे अडकणं नाही. आमच्या वस्तीत दिवाळीच झाली. आज्यांनी लोणच्याच्या कृती सांगितल्या, मामांनी जमिनीच्या वाटण्या केल्या, दोन लग्नं जुळली. डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं की हे ॲप अमिराती सरकारसाठी हेरगिरीचं साधन आहे. गूगल आणि ॲपलने ते आपापल्या दुकानांतून काढलं. कंपनीने आरोप फेटाळला. खरंखोटं मी ठरवणार नाही. पण आरोप खरा असेल तर जगातल्या एका सुसज्ज गुप्तहेर यंत्रणेच्या दप्तरी कोकणातल्या सामाईक जमिनीच्या सात-बाराचं सगळ्यात अद्ययावत विवेचन पडून आहे, आणि रत्नागिरीच्या दिवाणी न्यायालयाने ते मागवून घ्यावं. वस्तीतल्या लोकांना राग आला का? आला. “चांगलं चाललं होतं, बंद पाडलं,” म्हणून अमेरिकेचा. अंतर पाहा: अकरा हजार किलोमीटर.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचा दर मात्र छापील आहे, त्यात घासाघीस नाही. व्हॉट्सॲपवर अपमान केला तर अडीच ते पाच लाख दिरहॅम. अडीच लाख म्हणजे साठेक लाख रुपये. २०१५मध्ये व्हॉट्सॲपवर शिवी देणाऱ्या एकाला तीन हजार दिरहॅम दंड झाला होता. तो फारच कमी आहे म्हणून संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला लावला. कोल्हापूरच्या माणसाला इथे प्रेम व्यक्त करणं परवडत नाही. आमच्याकडे कागलचा एक आहे. जुना मित्र भेटला की बिचारा तोंड उघडतो, हिशेब करतो आणि मिठी मारतो.

यावर पुण्यातले काकांचे मेहुणे बोटिमवर हसले. “तुमचं बरंय, आमच्याकडे लोकशाही आहे.” आहे ना. २०१२च्या नोव्हेंबरात पालघरच्या एका मुलीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिला अटक झाली; दुसरीने त्या लाइक केल्या, तिलाही. ज्या ‘कलम ६६ अ’खाली हे झालं ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. म्हणून पुढे थांबलं का? २०२२च्या मे महिन्यात एका मराठी अभिनेत्रीने ज्येष्ठ नेत्यावरची पद्यरचना फेसबुकवर टाकली आणि महिन्याहून जास्त काळ कोठडीत राहिली. पद्य तिचं नव्हतंच. खाली मूळ लेखकाचं नाव दिलेलं होतं. कॉपीराइटच्या दृष्टीने इतकी आदर्श पोस्ट मराठी समाजमाध्यमांवर विरळा. आपल्याकडे एरवी ग्रेसांपासून गल्लीतल्या कवीपर्यंत सगळ्यांची कविता ‘पु. ल.’ या नावाने फिरते. मेहुण्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “थांब, बाहेर व्हरांड्यात कुणीतरी आहे.”

तर अंकात अत्रे घ्यायचे ठरले. ‘झेंडूची फुले’, १९२५. विडंबन, म्हणजे कॉपीराइट, अभिव्यक्ती आणि अब्रू या तिन्ही विषयांचं एकत्र जेवण. इथे वारसांना पैसे द्यायला नकोत, याचा काकांना विशेष आनंद. आयटीतल्या पोराने मग पहिली शंका काढली: अत्रे इथे मोकळे आहेत, पण अत्र्यांची भाषा मोकळी आहे का? जो माणूस आवडत्या-नावडत्या कुणाहीबद्दल ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ असं म्हणायचा, त्याच्याकडे त्या दहा हजार वर्षांचा पुरावा काय? खोटी बातमी पसरवण्याला इथे निदान एक वर्ष कैद आणि लाख दिरहॅम दंड आहे. वहिनी म्हणाल्या, “विडंबन ज्यांचं केलंय ते कवी आता नाहीत.” काका म्हणाले, “कवी नाहीत, पण त्यांचे पणतू शारजात असले तर?” कुणालाच छातीठोक उत्तर देता येईना. शारजात सगळ्यांचेच पणतू असतात.

“मग पुण्यात छापू,” वहिनी म्हणाल्या. पुण्यात छपाई स्वस्त, शब्दाला एवढं भ्यायला नको. पण पुण्यात अत्रे २०२९ संपेपर्यंत आत. म्हणजे दुबईत अत्रे छापायचा हक्क आहे, पण छापायची छाती नाही. पुण्यात छाती आहे असं मेहुणे म्हणतात, पण हक्क नाही. विमानातच छापावं, अशीही एक सूचना आली. ती इतिवृत्तात नोंदवली आहे.

शेवटी पीडीएफ करायचं ठरलं. ते ग्रुपवर टाकायचं आणि मिटलं. पण ग्रुपात पुण्याची, सांगलीची, बोरिवलीची मंडळी. त्यांनी तिकडे पीडीएफ उघडलं की अत्र्यांच्या वारसांचा हक्कभंग, आणि ग्रुपचे ॲडमिन काका. काका कायदा पाळणारे गृहस्थ आहेत. त्यांनी रात्री जागून भारतातला एकेक क्रमांक ग्रुपमधून काढला. मामा गेले, वर्गमित्र गेले, आजी गेली. सगळ्यात शेवटी मेहुणे.

मेहुण्यांनी दुसऱ्या दिवशी फेसबुकवर दुबईतल्या मराठी माणसाच्या गळचेपीवर सणसणीत लेख टाकला. पुण्यातून. त्यात अत्रे आहेत, लोकमान्य आहेत, कॅमेरे आहेत, आणि नाव न घेता काकाही आहेत. लेख काकांना मनापासून आवडला. रशियात जाऊन त्यांनी तो वहिनींना वाचून दाखवला, मला चारदा विचारलं, “वाचलास का?” लाइक करायला ते जूनमध्ये सुट्टीवर पुण्याला चालले आहेत.